मर्लिनच्या काठीवरचा आकडा

मर्लिन हॉफसेथबद्दल मला फारसं काही माहीत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. दोघांचे केस काळे होते तेव्हापासून पानगळीतल्या शनिवारी मी त्याच्या शेजारी उभा राहत आलो. त्याला बीट आवडत नसे, एवढं मी खात्रीने सांगेन. फुटबॉल आवडत होता की नाही, ते नाही सांगता येणार. गेल्या सप्टेंबरात तो वारला. त्याची बायको आर्डिस मला म्हणाली, "ग्लेन, तूच लिही काहीतरी. तुझ्याइतका वेळ त्याच्यासोबत कुणी घालवला?" खरं आहे. पण तो सगळा वेळ आम्ही दोघांनी समोर बघत घालवला.

मर्लिन गॅसचा टँकर चालवायचा. आयोवाच्या आमच्या भागात प्रत्येक शेतघराच्या मागे गॅसची टाकी असते, आणि ती भरायला मर्लिन यायचा. त्यामुळे गावातल्या प्रत्येकाच्या अंगणात तो गेलेला, आणि स्वयंपाकघरात जवळजवळ कुणाच्याच नाही. "कॉफी घे की," म्हटलं तर "पुढे जायचंय" म्हणायचा. कुत्री मात्र त्याच्यावर भुंकत नसत.

आमच्याकडचा फुटबॉल चेंडू हातात घेऊन पळायचा असतो; शनिवारी त्याच्या सामन्यांना आम्ही कॉलेजच्या मैदानावर साखळीवाले असायचो. मी आणि गावातलाच ड्वेन दहा यार्डांच्या साखळीची दोन टोकं धरायचो. चार प्रयत्नांत संघाला तेवढं पुढे सरकता आलं पाहिजे, नाहीतर चेंडू समोरच्यांना. कितवा प्रयत्न चालू आहे तो आकडा मर्लिनच्या काठीच्या टोकाला. बाजूचा पंच बोट वर करून खूण करतो, मर्लिन पट्टी पलटतो, एकाचे दोन होतात. गुणफलकवालासुद्धा त्याच्याच काठीकडे बघून आकडा लावतो.

साखळीवाल्यांनी ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, हा नियम. आम्ही उभे राहायचो तेही पाहुण्या संघाच्या बाजूला. ड्वेनला हे जमायचं नाही; आपल्या पोरांनी रेषा ओलांडली की तो खोकायचा. त्याचा खोकला मैदानभर प्रसिद्ध होता. मर्लिन खोकतही नसे. एकदा मी विचारलं, "अरे, तुला आनंद होतो की नाही?" तर म्हणाला, "हात काठीवर असतात ना."

आता त्या वर्षाचं. त्या वर्षी आमचं कॉलेज एकही सामना हरलं नव्हतं. असं कधी झालंच नव्हतं. शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता आणि जिंकलो तर देशाच्या स्पर्धेत जागा. गावात दुसरा विषय नव्हता. चर्चच्या तळघरात राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल खाताना आमचे पाद्रीसुद्धा सांगायला लागले की देव सगळ्यांचा असतो, पण यंदा बघू या.

सामना शेवटच्या मिनिटाला आला तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो आणि चेंडू त्यांच्या शेवटच्या रेषेच्या अगदी तोंडाशी; ती ओलांडली की सहा गुण. इतक्या जवळ आलं की साखळीचं काम उरत नाही. ती खाली ठेवतात. म्हणून मी आणि ड्वेन मोकळे होतो, फक्त मर्लिन काठी घेऊन उभा. पहिल्या प्रयत्नात पोरांचा ढीग पडला. ढीग उठला, पण पाहुण्यांचा एक मुलगा उठला नाही. गुडघा धरून पडला होता. डॉक्टर धावले, बाजूचा पंचही धावला. 

तेव्हा मी मर्लिनकडे पाहिलं होतं. त्याचा अंगठा पट्टीवर होता आणि तो त्या मुलाकडे बघत होता. पुढचं मला जसं आठवतं तसं सांगतो. मुलाला उचलून नेलं, शिट्टी झाली, खेळ सुरू झाला. काठीवर अजून एकच होता, दोन नाही. तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी मी काय करणार होतो?

आमची पोरं आणखी तीनदा अडली. काठीवर चार लागले. मग त्यांनी रेषा ओलांडली. खरं तर तो पाचवा प्रयत्न होता.

ड्वेन इतका खोकला की त्याची टोपी पडली. पाहुण्यांचा कोच किंचाळत आमच्या अंगावर आला, "पाच झाले! पाच!" पंच गोळा झाले. त्यांनी काठीकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं. दोन्हीकडे चार. गुण दिले आणि सामना संपला. मर्लिनने काठी खांद्यावर टाकली आणि शेडकडे निघाला.

रविवारी सगळ्यांनी चित्रीकरण पाहिलं. पाच. लहान पोरालाही मोजता येत होते. पंचांचा निकाल कुणालाच फिरवता येत नव्हता. सामना परत द्यायचा तर तो कॉलेजनेच द्यायचा. कॉफीच्या दुकानात मात्र वेगळंच चाललं होतं. मर्लिन आत आला तर लोक उभे राहिले. कुणीतरी त्याच्यापुढे भोपळ्याच्या गोड पाईचा तुकडा ठेवला, मग दुसऱ्याने दुसरा.

"खा रे, मर्लिन! आमचा सगळ्यात भारी खेळाडू तू!"

"हुशार आहेस लेका. एवढी वर्षं मुकाट राहिलास, आणि बरोबर वेळ साधलीस!"

मर्लिनने काटा उचलून पुन्हा खाली ठेवला. "विसरलो असेन," म्हणाला. सगळे हसले. तो हसला नाही. तुकडे तसेच ठेवून गेला. ते ड्वेनने संपवले.

मी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तो गॅरेजमध्ये होता. आर्डिस दारातच मला म्हणाली, "तू तरी सांग त्याला. पंचाने खूण केलीच नाही म्हणतोय. खूण नाही तर पट्टी नाही, हाच नियम ना? मग याची चूक काय?"

"चूक नाही," मी म्हटलं. "पंच त्या पोराकडे गेला होता."

"मग हा जेवत का नाही?"

 

सोमवारी आमच्या संघाच्या कोच टिबेट्सने त्याला बोलावलं. टिबेट्स तरुण आहे, सरळ आहे. पुढे त्यानेच मला हे सांगितलं. त्याने मर्लिनला विचारलं, "मर्लिन, तुमच्या हातून चुकून झालं असेल तर तो खेळाचा भाग आहे, मी पोरांना घेऊन स्पर्धेला जाईन. पण तुम्हाला माहीत असेल, तर मला सामना परत द्यावा लागेल. काय ते खरं सांगा."

मर्लिनने हातातली टोपी फिरवली. मग म्हणाला, "माहीत होतं."

"मग पट्टी का नाही फिरवली?"

"ते माहीत नाही."

टिबेट्सने त्याच दिवशी सामना परत दिला. आमच्या जागी पाहुणे स्पर्धेला गेले आणि पहिल्याच सामन्यात त्यांचा धुव्वा उडाला. "आयतं दिलं, तेही सांभाळता आलं नाही," गाव म्हणालं. आणि ज्यांनी त्याच्यापुढे पाईचे तुकडे ठेवले होते, त्यांनी मर्लिनशी बोलणं टाकलं. दोन-तीन घरांनी गॅससाठी दुसरा माणूस लावला. कॉलेजने पुढच्या वर्षी त्याला काठीसाठी बोलावलं नाही.

मी हे मनात फार घोळवलं. कॉफीच्या दुकानात तो म्हणाला 'विसरलो', बायकोला म्हणाला 'खूण आली नाही', कोचला म्हणाला 'माहीत होतं'. यातलं एकच खरं असायला हवं ना? कधी वाटतं, तो खरंच विसरला आणि विसरलो म्हणायची लाज वाटली. कधी वाटतं, हात काठीवर असतानाही माणसाला जिंकावंसं वाटू शकतं. आणि कधी वाटतं, त्याला कशाचीच खात्री नव्हती, म्हणून ज्यात स्वतःचं सर्वांत जास्त नुकसान ते उत्तर त्याने निवडलं. पण असं करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, त्यामुळे हेही चूक असेल. आर्डिसला विचारलं तर ती म्हणते, "मी त्याच्याशी लग्न केलं होतं, ग्लेन, मला विचारू नकोस."

पुढच्या ऑगस्टमध्ये कॉलेजातून मला निरोप आला, की आकड्याची काठी आता तुम्ही धरा. मी हो म्हणण्याआधी मर्लिनकडे गेलो. तो परसात झुकिनीच्या वेलांमध्ये वाकला होता; ऑगस्टात ही काकडीसारखी भाजी आमच्याकडे इतकी येते की लोक ती एकमेकांच्या उघड्या गाड्यांत टाकून जातात. बारीक झाला होता, पण ऑगस्टच्या उन्हात सगळेच बारीक दिसतात, असं मी समजलो.

"काठी मला धरायला सांगतायत," मी म्हणालो.

"मग धर."

"तुला चालेल?"

"वारा असला की खालून धर. वरून धरलीस तर हात भरून येतो." तो उठला, गुडघे झटकले. एवढी वर्षं शेजारी उभा असून हे मला माहीत नव्हतं.

विचारायचं ते तेव्हाच विचारायला हवं होतं; पुढच्याच महिन्यात तो गेला. तोंडापर्यंत आलंही होतं. पण तो माझ्या आधीच गाडीपाशी जाऊन पोचला आणि काचेतून मागच्या सीटकडे बोट दाखवून म्हणाला, "काच उघडी होती. दोन झुकिनी टाकल्यात."

"अरे, आमच्याकडे ढीग पडलाय झुकिनीचा."

"सगळ्यांकडेच पडलाय," मर्लिन म्हणाला.