जाळीचं दुसरं टोक

माकुणसारचे दिनानाथ बोईसरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्ट्रुमेंट फिटर होते. तापमानाची, दाबाची मीटरं खोटं बोलायला लागली की बोलावणं यांनाच. आता वाडीतले चिकू आणि ते. तरी दसऱ्याला पहिलं कुंकू लागतं मल्टिमीटरला. कोयत्याचा नंबर मागून.

पुतणी रूपल मुंबईच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. तिचं काम काकांनी आपल्यापुरतं समजून घेतलं होतं. केसाहून हजारपट बारीक अशी सेमीकंडक्टरची तार, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा थर. भयंकर थंड केलं की त्या थरातून वीज बिनविरोध वाहते. मग आत सगळे इलेक्ट्रॉन जोडीनं आहेत की एखादा सुटा राहिलाय, एवढंच वाचायचं. उत्तरं दोन, म्हणून पडद्यावर रेषाही दोन.

त्या रविवारी रूपल आली ती चेहरा पाडूनच. पडद्यावर रेषा नव्हत्याच, नुसती थरथर होती. थंड करायचं यंत्र शुक्रवारपर्यंतच तिच्या वाट्याला होतं. नंतर ती तार बसवलेली चिप बाहेर काढायची, आणि पुन्हा थंड केल्यावर ती तशीच वागेल याची खात्री नाही. दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून फोनवरचा आलेख पाहिला.

"सेकंदाला किती वेळा हलते ही?"

"पन्नास."

"मंग हा तुजा इलेक्ट्रॉन नाय, ही आपली घरातली लाईट हाय, तीच हलते पन्नासदा. केबलवरच्या जाळीला अर्थिंग कुठं दिलंस?"

"दोन्ही टोकांना. पक्कं व्हावं म्हणून मुद्दाम."

दिनानाथ खो खो हसले. "अगो बाय, दोन्ही टोकं बांधलीस तर जाळीतच वीज फिरत राते. एकच बांध, दुसरं सोड."

सोमवारी ते वाडीत गेलेच नाहीत. फोन मांडीवर घेऊन ओटीवर बसले, चहा दोनदा निवला. अकराच्या सुमारास रूपलचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर दोन रेषा, स्वच्छ, एकमेकींपासून लांब.

"काका, वाचता येतंय!" ती रडत होती की हसत होती, कळेना. "कुणी शिकवलं तुमाला हे?"

शिकवलं होतं खंडेराव फोरमननी. पहिल्याच वर्षी दिनानाथांनी हीच चूक केली होती आणि त्यापायी अख्ख्या पाळीचं काम बंद पडलं होतं. नोकरी जाणारच होती. खंडेराव साहेबांसमोर म्हणाले, "चूक माझी." त्या दोन शब्दांवर या घराची एकतीस वर्षं उभी होती, आणि दिनानाथांनी त्यांना कधी तसं बोलून दाखवलं नव्हतं.

दिनानाथांनी लगेच खंडेरावांना अकोल्याजवळच्या गावी फोन लावला. सगळं सांगितलं, रूपलच्या रेषांसकट. "दादा, तुमी तवा चूक अंगावर घेतलीत. लई उपकार हायेत तुमचे."

पलीकडे म्हाताऱ्याला काही आठवेना.

"कोणती चूक रे दिनू? नव्या पोरांपायी मी दर वर्षीच म्हणायचो तसं."