तिसरी ओंजळ

रविवारची दुपार. उपासनेहून येऊन, जेवून शुलमीथ आढाव आडवी होते. निवृत्त होईपर्यंत ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासत असे. डोळा लागेपर्यंत श्वास मोजायची सवय अजून आहे. अकरा, बारा... तेराव्याला कुणीतरी खोकतं. पपा. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

ते प्रयोगशाळेत तिच्याच उंच स्टुलावर बसलेत. अंगात पाळकाचा झगा, हातात सेमिनरीत पाळकांना शिकवतानाचा खडू.

"शुलू, चहा काय परीक्षानळीतून देणार?"

"कप नाहीत इथे, पपा." मग ती धीर करते. "आशेरला मी बाप्तिस्मा दिला होता."

पपा खडू खाली ठेवतात.

"तुम्ही खेड्यांतल्या चर्चच्या मंडळ्यांकडे गेला होतात. दोन दिवसांचं माझं बाळ निळं पडत चाललेलं. दवाखान्यात हाताशी आली ती बाटली घेतली. डिस्टिल्ड वॉटरची."

"अरे देवा. म्हणजे अगदीच मेलेलं पाणी."

"म्हणून तर सांगितलं नाही. तुम्हीच शिकवायचात, प्रेषितांच्या नंतरची पहिली मंडळी बाप्तिस्म्याला वाहतं पाणी मागायची."

"आणि वाहतं नसेल तर दुसरं कुठलंही. गार सोसवत नसेल तर कोमट. तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओतायचं. अर्धाच धडा लक्षात ठेवलास."

"आणि बाईनं दिलेला?"

"त्या जुन्या मंडळीच्या लेखकांतला एकजण नको म्हणतो. विद्वान खरा, पण तापट. आणि तोच विचारतो, निष्पाप लेकरांना एवढी घाई कशाला? त्याचं काय घेऊन बसतेस?"

पाणी घोट्यांना लागतं. फरशीची वाळू झालीये, स्टुलाचा खडक. ही प्रवरा, इतकी भरलेली तिनं कधी पाहिली नाही.

"दोनदाच ओतलं, पपा. पित्याच्या नावानं, पुत्राच्या नावानं. तिसऱ्याला तो श्वास घेत नव्हता. मेलेल्याला बाप्तिस्मा देत नाहीत, म्हणून हात मागे घेतला."

पपा नदीकडे बघत म्हणतात, "चर्चच्या दफनाच्या रजिस्टरात 'बाप्तिस्मा नाही' हे मी लिहिलं, शुलू. माझ्याच हातानं. तुला विचारलंसुद्धा नाही."

"तुम्ही रडत होतात."

"त्या पहिल्या मंडळीच्या काळी बाप्तिस्म्याची वाट बघणारी माणसं असायची. काहींना पाणी मिळायच्या आतच विश्वासापायी मारलं. त्यांचं सांडलेलं रक्त हेच मंडळीनं पाणी मानलं, एकालाही बाहेर ठेवलं नाही. मी हे तीस वर्षं शिकवलं, आणि घरात नेमका विसरलो."

त्यांच्या कोपराच्या बेचक्यात आशेर आहे. दोन दिवसांचाच, पण गुलाबी.

"घाल," पपा म्हणतात.

ती वाकून हात पाण्यात घालते. हात वर येत नाही.

"राहू दे. आम्हाला कुठं जायचंय?"

पाणी बोटांमधून वाहत राहतं. किती वेळ, ती मोजत नाही. मग ओंजळ भरते.

"आणि पवित्र आत्म्याच्या नावानं."

आशेर शिंकतो. पपा मोठ्यानं हसतात.

शुलमीथ उठून बसते. चार वाजायला आलेत. जेवून हात धुतल्याला दोन तास उलटून गेलेत. ती खिडकीशी जाऊन उजेडात हात धरते. दहाही बोटांची टोकं पांढुरकी पडून सुरकुतली आहेत, बराच वेळ पाण्यात राहिल्यासारखी. ती एकेक करून बोटं गालाला लावते. गार आहेत.