तुरीच्या खळ्यावर दिसलेला वारा

शनिवार, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. वारा नावापुरता. तुळजापूरच्या डोंगरावरून हँग ग्लायडर घेऊन साडेबाराला उडालो, जळकोटवरून वळलो आणि माकणीच्या अलीकडे नऊ किलोमीटरवर एका शेतात उतरलो. स्पर्धा माकणीपर्यंत होती.

ताई गेल्यानंतरची ही पहिलीच. मी उडायचो तेव्हा माझी ही मोठी बहीण खालून जीप घेऊन यायची. उतरायच्या शेतात आधी पोचून लाल ओढणी दोन्ही हातांनी डोक्यावर धरायची. ओढणी कुठे उडते ते पाहून मी वाऱ्याला तोंड करून उतरायचो. वॉकीटॉकीवर ओरडायची, "उतर आता, वरनं तुरी मोजतोस का?" इतक्या वर्षांत अनोळखी शेतातला वारा मी स्वतः कधी ओळखला नव्हता. आज जमलं नाही तर ग्लायडर विकायचा, असं ठरवलं होतं. पुण्याचं एक गिऱ्हाईक थांबलं होतं.

तुम्ही जाणार असाल तर सोलापूरहून तुळजापूर तासाभराचं आहे, पण ग्लायडरची लांब पिशवी टपावर बांधायला जीप लागते. आम्ही पाच जणांनी मिळून केली. स्टँडजवळ सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, पोटभर खाऊन घ्या. डोंगरावर सावली नाही.

"वारं न्हाय, पळा जोरात!" उड्डाण सोडणारे सर म्हणाले. पळालो.

अशा दिवशी तापलेल्या रानावरून वर चढणारी हवा शोधायची, तिच्यात गोल फिरत उंची घ्यायची आणि पुढे सरकायचं. जळकोटच्या हायवेवर एका घारीमागे फिरलो. त्यानंतर आभाळात दुसरं कुणी दिसलं नाही. वॉकीटॉकी चालू होता. त्यावर माझ्यासाठी काही नव्हतं.

उंची संपत आली. खाली धूर नाही, झेंडा नाही, पान हलेना. तेवढ्यात एका खळ्यावर एक बाई दिसल्या. त्यांनी सूप उंच धरून तूर ओतली. दाणे सरळ पडले, भुसकट जरासं पूर्वेकडे सरकलं. मी पश्चिमेला तोंड केलं. गुडघे टेकले, पण पंख शाबूत राहिला.

"लागलं का वो?" त्या सूप घेऊनच धावत आल्या.

"नाही, मावशी."

"वारं न्हाय म्हणून आमी सकाळधरनं खोळंबलोय, अन् तुमी त्याच वाऱ्यावर उडायलाव व्हय!" मग इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, "संगं कोन हाय?"

"कुणी नाही."

"मग ह्ये एवढं धूड कोन गुंडाळणार?"

मी नको म्हणालो, तरी त्यांनी दुसरं टोक धरलं. जीप यायला दीड तास लागला. तोवर भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. त्या मधूनमधून सूप उचलायच्या, हवा बघायच्या आणि परत खाली ठेवायच्या.

रविवारी सकाळी सोलापुरात घरी होतो. पुण्याला फोन करून ग्लायडर विकायचा नाही म्हणून सांगितलं. घरामागच्या मोकळ्या जागेत पंख पसरला. शिवणीत तुरीचं भुसकट अडकलं होतं. ओल्या फडक्याने एक टोक पुसलं. मग चालत दुसऱ्या टोकाला गेलो आणि तेही पुसलं.