काटा काढायची शिकवणी

आमच्या यायच्या, म्हणजे माह्या नवऱ्याच्या, डोक्याले मार लागला त्याले आता दोन वर्षं झाली. गाडीवरून पडले, उजवा हात गेला, बोलणं अडखळलं. आम्ही ढिवर लोकं, अड्याळकडचे, तलावात मासोळ्या धरणारे. यायचा इलाज झाला त्या भंडाऱ्याच्या दवाखान्यातल्या बाईचा निरोप आला, नव्या पोरी कामावर घेतल्या, अशा माणसाची सेवा कशी करायची ते दोघंही येऊन शिकवा. मी अन् शिकवू? एसटीत बसल्यावरही मले काही उमजत नव्हतं. पण मनातून फुगली होती, खोटं काहून बोलू.

डब्यात भात अन् मासोळीचा रस्सा होता. सहा पोरी समोर बसल्या. मी सांगतलं, "यायले काही समजत नाही. काटा अडकला तं जीव जाईल, म्हणून मीच काटे काढून एकेक घास भरवते." पोरींनी लिहून घेतलं.

मंग बाई म्हणाल्या, "ताई, आता तुम्ही मागं बसा. आता हे शिकवतील."

"अवो बाई, काटा अडकंन ना!"

"मी इथंच उभी आहे."

यायनं डाव्या हातानं घास घेतला. माहा जीव टांगणीले. यायनं तो तोंडात घोळवला, जिभेनं काटा पुढं आणला, दोन बोटांनी काढून ताटाच्या काठावर ठेवला. मंग दुसरा, मंग तिसरा. आमच्यात सारेच खातात तसे.

"कधीपासून जमते?" बाईनं विचारलं.

सवयीनं मीच तोंड उघडलं. बाईनं मले हातानं थांबवलं. यायनं कसेबसे शब्द जुळवले.

"दिवाळी... पासून."

दिवाळीले पाच महिने झाले! माह्या अंगाची आग झाली. पोरी बसल्या आहेत हेही विसरली. "अन् मले रोज बसवून ठेवता? मासोळ्यांची पाटी घेऊन बाजारात जायची घाई असते माही! सांगतलं काहून नाही?"

यायनं मान खाली घातली.

"भरवते... तेव्हाच... तू बसते. माह्याजवळ."

भांडू का रडू, मले समजेना. सेवा कोण कोणाची करत होतं, तेही समजेना. अजूनही नीट समजलं नाही. उठली, यायच्या बाजूले जाऊन बसली, अन् माहे हात माह्याच मांडीवर ठेवून, यायचं जेवण होईस्तोवर तशीच बसून राहिली.