मातीवरची नजर

निजामाच्या राज्यात तेरच्या वाटेवर गस्त घालणारा तो पोलीस जवान माणसाच्या तोंडाकडं कधी बघतच नसे. नजर कायम मातीवर. एकदा वाटेवर उमटलेलं माझं पाऊल बघून म्हणाला, "वहिनी, टाचंत काटा मोडलाय व्हय?" खरंच मोडला होता. चोराचा माग तर तो नदीच्या वाळूतूनही काढी. चोरांना त्याची धास्ती, आणि खरं सांगते, मलाही.

निजामाविरुद्ध सत्याग्रह करून फरार झालेला माझा भाऊ एका सकाळी आमच्या कडब्याच्या गंजीमागं लपला. थोड्याच वेळात हा जवान अंगणात हजर. त्याचा साहेब घोड्यावरून मागून येत होता. गंजीकडं गेलेल्या भावाच्या बुटांच्या ठशांपाशी जवान थबकला.

"वहिनी, ऊन चढलं. गुरं पाण्यावर सोडा की."

मी दावी सोडली. सगळी गुरं ठसे तुडवत बाहेर पडली. तेवढ्यात साहेब आला.

"गुरांबिगर कुणाचा माग न्हाय, साब," तो म्हणाला.

पुढं एकदा वाटेत भेटला. मान वर न करता एवढंच बोलला, "पाव्हण्याला म्हणावं, रानात लपायचं तर आधी बूट काढ."