हेल्मेट काढ, घमेलं घे

माझं अक्षर वाईट आहे. शुद्धलेखनाच्याही चुका असतील. हे कधी कुणाच्या हाती पडलं तर त्याने माफ करावं. चौथीनंतर पेन धरायची वेळ फारशी आलीच नाही. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून लिहिते.

लातूरला औसा रोडच्या कडेला आमचं काम चालू होतं. जमिनीखालून इंटरनेटची केबल जाते. तिच्या आत केसासारखे काचेचे धागे असतात. दोन केबलींचे धागे मशीनवर एकाला एक जोडायचे. ते काम मी करते. छत्रीखाली स्टुलावर बसले होते. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात जॅकेट. जोडाचा डबा उघडा होता, निम्मे धागे जोडून झाले होते. तेवढ्यात बालाजी पळत आला. बालाजी म्हणजे ठेकेदाराचा सुपरवायझर. पुण्याहून मोठ्या साहेबाची गाडी येत होती.

"अक्का, ऊठ. हेल्मेट काढ. जॅकेट पण. ते घमेलं घे."

मला वाटलं, मस्करी करून राहिला. त्याने स्वतःच माझ्या डोक्यावरचं हेल्मेट उचललं आणि आपल्या मेव्हण्याला घातलं. मेव्हणा आमची गाडी चालवतो. आयटीआय पास आहे, कागद आहे त्याच्याकडे. त्याला माझ्या स्टुलावर बसवलं. "कशाला हात लावू नको, नुसतं वाकून बघ," असं त्याला सांगितलं. हळू सांगितलं, पण मला ऐकू आलं.

माझं घमेलं रिकामं होतं. ते बरं दिसत नव्हतं म्हणून बालाजीने त्यात दोन फावडी माती टाकली.

साहेब उतरला. "ही बाई काय करते?"

"बिगारी हाय साहेब. माती उचलती. गरीब हाय, आपण काम दिलं."

"छान. बायका दिसल्याच पाहिजेत. यांना पुढे घ्या."

फोटो निघाला. साहेब म्हणाला, हसा ताई. मी हसले. ते हसू मला अजून डाचतं.

गाडी धूळ उडवत गेली. बालाजीने हेल्मेट परत दिलं. आत मेव्हण्याच्या केसांचं तेल लागलं होतं. "चल अक्का, बस जोडायला." उघड्या डब्यात धूळ बसली होती. जोडलेलं सगळं कापलं, पुसलं, पुन्हा जोडलं. जेवण राहिलं. काही बोलले नाही.

का बोलले नाही? उचल घेतली होती. आमच्याकडे कामाच्या आधी मालकाकडून पैसे घेतात, मग मजुरीतून फेडतात. ती उचल. घरावर पत्रे टाकायला मी घेतली होती. उचल अंगावर असली की दुसऱ्याकडे कामाला जायचं नाही आणि मालकाच्या माणसापुढे तोंड वर करायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. सगळ्यांना माहीत आहे.

आधी मी खरंच माती उचलायची. कंधारकडून आमची टोळी केबलची नाली खणायला आली, तिच्यात मी होते. तेव्हा जोडायचं काम नांदेडचे रहीमचाचा करायचे. त्यांची नजर कमी होत गेली. धागा सापडेना. मी शेजारी बसून धागा हातात द्यायला लागले. मग सोलायला, स्पिरिटने पुसायला. एक दिवस त्यांनी मशीनच माझ्यापुढे सरकवली. मी हात मागे घेतला. म्हणाले, "डरो नको बेटी. कांच हाय, सांप नहीं." काचेचे तुकडे बोटांत घुसले, निघाले. हळूहळू हात बसला. चाचा घरी बसले आणि काम माझ्यावर आलं. मजुरी मात्र नालीचीच राहिली.

मजुरीच्या कार्डावर कामगारांची वर्गवारी असते. कुशल, अर्धकुशल, अकुशल. जोडणारा कुशल. माझ्या कार्डावर लिहिलंय, अकुशल, बिगारी. मी ते रोज खिशात घेऊन फिरत होते. वाचता येत होतं. तरी वाचत नव्हते.

तो फोटो मोबाइलवर फिरत फिरत आमच्या गावात आला. माझी मुलगी सातवीत आहे. तिने तो मोठा करून बघितला.

"आई, तू तर म्हणली होतीस की तू इंटरनेट जोडती."

"जोडते ना."

"मग हितं तर माती घेऊन उभी हाईस. आणि हसून राहिलीस."

तिने मोबाइल पालथा ठेवला. मला तिच्याकडे बघवेना. माती उचलायची मला लाज नाही. माझी आई माती उचलतच मेली. पण हे घमेलं माझं नव्हतं. ते माझ्या हातात कोंबलं होतं, आणि मी ते धरून हसले होते.

दुसऱ्या दिवशी बालाजीला म्हटलं, "भाऊ, माझ्या कार्डावर कुशल लिहा."

तो हसला. "चौथी शिकलेली बाई कुशल? कागद हाय का तुझ्याकडं?"

"काम तर मीच करते."

"काम कुणी बी करतंय. उचल फिटली का तुझी? मग गुमान बस."

गुमान बसले.

पुढे काम नांदेडला लागलं. पुन्हा साहेब आला. पुन्हा बालाजी पळत आला, मेव्हणा मागेच. घमेल्यात या खेपेला माती आधीच भरून ठेवली होती. ते मी बघितलं.

"अक्का, ऊठ."

उठले नाही.

"अगं ऊठ की, गाडी आली."

"घमेलं धरणार न्हाई."

"उचल इसरलीस का?"

"फेडीन. घमेलं धरून न्हाई."

स्टूल सोडलं नाही. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून बसले, लहान पोर टोपी धरतं तसं. साहेब समोर आला. म्हणाला, "हे कोण?" मी एवढंच म्हटलं, "जोडणारी."

बालाजी म्हणाला, "थट्टा करून राहिली साहेब. बिगारी हाय." साहेबाने घड्याळ बघितलं, डब्याचा फोटो काढला आणि गेला. मला काही विचारलं नाही. कुणी का जोडेना, त्याला काय त्याचं.

दुसऱ्या दिवशी माझं हेल्मेट गेलं. लातूरजवळ मुरुडकडे नाली खणायला पाठवलं. "बिगारी म्हटलेलं चालत न्हाई ना तुला? आता व्हय खरीच बिगारी," बालाजी म्हणाला. टोळीतले दोघे हसले. एक बाई हसली नाही. तिने मला तिची कुदळ दिली, हलकी होती.

उन्हाळाभर खणलं. हाताला फोड आले, फुटले, कातडं जाड झालं. नाली बंद पडली, तेवढे दिवस दुसरीकडे जायची मुभा होती, तेव्हा सोयाबीन काढायला गेले. आईने दिलेले चांदीचे वाळे मोडले. पत्र्याखाली बसून मुलगी अभ्यास करायची आणि मी त्याच पत्र्यांचे पैसे फेडत होते.

शेवटचे पैसे द्यायला लातूरला ठेकेदाराच्या ऑफिसात गेले. बालाजी खुर्चीत होता. चहा मागवला. आजवर मागवला नव्हता.

"अक्का, झालं गेलं सोड. जोडायला माणूस मिळंना. ये उद्यापासून. हेल्मेट देतो."

"कार्डावर काय लिहिणार?"

"तेच. ते मालक बदलू देत न्हाई."

"मग न्हाई."

त्याने नोटांकडे बघितलं. थोड्या माझ्याकडे परत सरकवल्या. "एवढी घाई काय? थोडी राहू दे की अंगावर. घरचीच हाईस."

मला तेव्हा उचल कळली.

आता जिथे जाईन तिथे पहिल्या दिवशी सांगणार. आधी कार्डावर जोडणारी लिहा, कुशल लिहा. मग मशीन उघडते. नाही लिहिलं तर माती उचलीन, मातीची मजुरी घेईन. पण बिगारीच्या मजुरीत काचेच्या धाग्याला हात लावणार नाही. मुलीलाही हेच सांगितलं आहे.

त्या दिवशी चहा तसाच ठेवला. नोटा परत त्याच्याकडे सरकवल्या.

"सगळे घ्या. मोजा."

त्याने मोजले. उचल फिटली.