पाण्यासाठी दिलेली किल्ली

सुभाष रोडवर एका कापडाच्या दुकानावरच्या माडीत बसणाऱ्या वकीलअक्का नसत्या, तर मी धारवाडात राहिलेच नसते. आधी त्यांचं सांगते, मग बाकीचं.

मी वाशीमकडची. आठवीत शाळा सुटली. इथं धारवाडजवळ बेलूरच्या कारखान्यात पॅकिंगला लागले आणि एका रिटायर मास्तरांच्या घरामागची खोली भाड्यानं मिळाली. घर मराठी म्हणून जीव निवांत झाला. मालकांना मी काका म्हणायची, त्यांच्या बायकोला काकू. इथं नळाला पाणी रोज येत नाही. येईल तेव्हा भरून घ्यायचं, आणि नेमकी तेव्हाच माझी ड्युटी असायची. म्हणून सकाळी निघताना किल्ली काकूंच्या हातात द्यायची. पाणी आलं की त्या माझा ड्रम भरून ठेवत. कधी झाकणावर वाटीभर आमटीही ठेवलेली असे.

मग त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि काकांना खोली हवी झाली. हवीच असणार, त्यांचं घर. मी म्हटलं, दुसरी मिळेपर्यंत थांबा. पण एकट्या बाईला खोली कोण देतं? जिथं जावं तिथं आधी विचारत, नवरा कुठं असतो. खोली गेली की नोकरी जाणार, नोकरी गेली की वाशीमची गाडी. एके दिवशी घरी आले तर माझी शेगडी आणि अंथरूण अंगणात. काका म्हणाले, रविवारी कुलूप लावतो.

कारखान्यातल्या एका बाईनं मला वकीलअक्कांकडं नेलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि कोर्टातून मनाईहुकूम आणला. पुढच्या तारखेपर्यंत काकांनी मला खोलीतून काढायचं नाही, की आत शिरायचं नाही. बेलीफ येऊन गेला त्या दिवसापासून घरात बोलणं बंद. मी अंगणातून जाताना चपला हातात घ्यायची, आवाज नको म्हणून. हुकूम माझ्या बाजूनं होता, तरी चोरासारखी जायची मीच.

आणि एका सकाळी काकू स्वयंपाकघराच्या दारातून पूर्वीसारख्याच म्हणाल्या, "आज पाणी यायचंय गं. किल्ली ठेवून जा."

मी दिली. त्या बोलल्या, याचंच मला इतकं बरं वाटलं. बस स्टॉपवरून अक्कांना फोन लावला, म्हटलं, आता सगळं निवळतंय बघा. त्यांनी मला मधेच तोडलं.

"किल्ली दिलीस? तिथंच थांब, तंगी. बसमध्ये चढू नको." तंगी म्हणजे कन्नडात धाकटी बहीण, अक्का मला तसंच म्हणतात.

घरच्याच साडीत स्कूटरवरून आल्या आणि मला मागं बसवून घरी आणलं. माझ्या खोलीचं दार उघडं. आत सुतार भिंतीला टेप लावून उभा, आणि काकांच्या हातात माझं अंथरूण. माझे पाय उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. अक्का आत गेल्या.

काका म्हणाले, "आम्ही कुलूप तोडलेलं नाही. तिनं आपल्या हातानं किल्ली दिली."

"पाण्यासाठी दिली, मास्तर. खोली सोडते म्हणून नाही दिली." अक्कांनी आवाज चढवला नाही. "पाणी आलंय का, बघू."

त्यांनी अंगणातला नळ सोडला. नुसती हवा फुसफुसली. काकू म्हणाल्या, यायचं होतं खरं. सुतारानं टेप गुंडाळला आणि कन्नडात पुटपुटला, मला आधी सांगायचं की, अण्णा. काकांनी अंथरूण खाली ठेवलं. काकूंनी किल्ली माझ्या हातात दिली.

त्यांनी मुद्दाम केलं का, मला आजही माहीत नाही. त्यानंतर किल्ली मी कनवटीला ठेवली आणि पाणी अक्कांच्या घरून कॅननं आणलं. पुढं कारखान्याजवळ खोली मिळाली. काकांच्या मुलाचं लग्न व्हायच्या आत मी त्यांची सोडली, आणि अक्कांनी केस काढून घेतली.

फीचं विचारलं की अक्का विषय बदलतात. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. घरी सोबतीला कोणी नाही म्हणून ऑपरेशन पुढं ढकलत राहतात. अक्का, तुम्ही दिवस ठरवा. रजा मिळो न मिळो, पट्टी सुटेपर्यंत मी तुमच्यापाशी राहीन.